मेकॅनिकल स्टेज : मायक्रोस्कोपखाली काचपट्टी नेमकी कशी सरकते?

मायक्रोस्कोप विकत घेताना पहिला प्रश्न असतो, ‘किती पट मोठे दिसते?’ भिंगे किती, कोणत्या ताकदीची, दिवा कसला, हे सगळे विचारले जाते. काचपट्टी ज्याच्यावर ठेवायची त्या चौकोनी तबकडीकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष देते. या तबकडीला स्टेज म्हणतात. शालेय पुस्तकांत तिला ‘मंच’ असे नाव आहे. त्या मंचावर काचपट्टी धरून ती डावी-उजवी आणि मागे-पुढे, थोडी थोडी आणि मोजून सरकवण्याची यंत्रणा बसवलेली असेल, तर ती झाली मेकॅनिकल स्टेज.

ऐकायला ही किरकोळ सोय वाटते. पण थुंकीच्या तपासणीत ‘टीबीचे जंतू दिसले नाहीत’ असे लिहून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या सहीमागे बऱ्याच अंशी हीच यंत्रणा उभी असते. ते कसे, हे समजायला आधी मायक्रोस्कोपमधून एका वेळी किती जागा दिसते ते पाहू.

एका वेळी किती दिसते?

मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला की एक उजळ गोल दिसतो. हे दृष्टिक्षेत्र, प्रयोगशाळेत याला नुसते ‘फील्ड’ म्हणतात. त्याचा व्यास काढणे सोपे आहे. आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, बहुधा १८ किंवा २० असा आकडा छापलेला असतो. त्याला खालच्या भिंगाच्या पटीने भागायचे, की फील्डचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. आकडा २० असेल तर १० पटीच्या भिंगाखाली २ मिमी, ४० पटीच्या भिंगाखाली ०.५ मिमी आणि तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या भिंगाखाली फक्त ०.२ मिमी.

काचपट्टी असते साधारण ७५ मिमी लांब आणि २५ मिमी रुंद. तिच्यावर २२ मिमी बाजूची चौकोनी कव्हर काच ठेवली, तर तेवढ्या जागेचे क्षेत्रफळ ४८४ चौरस मिमी भरते. ०.२ मिमी व्यासाच्या गोलाचे क्षेत्रफळ ०.०३१ चौरस मिमी. म्हणजे त्या एका कव्हर काचेखाली पंधरा हजारांहून अधिक फील्ड मावतात, आणि आपल्यासमोर एका वेळी त्यांतले एकच असते. एखाद्या मोठ्या पटांगणावर पडलेली वस्तू किल्लीच्या भोकातून शोधावी, तसा हा प्रकार आहे.

आता यात हाताचा हिशोब मांडा. साध्या मंचावर दोन क्लिपा असतात. त्यांच्याखाली काचपट्टी दाबून बसवायची आणि बोटांनी ढकलायची. अंगठ्याने पट्टी ०.१ मिमी जरी जास्त सरकली, तरी १०० पटीच्या भिंगाखाली अर्धे फील्ड निसटते. शिवाय बोटाने ढकललेली पट्टी सरळ जात नाही, थोडी फिरते. आधी क्लिपेच्या घर्षणाने अडते, मग एकदम सुटते. त्यात चित्र उलटे असते : पट्टी उजवीकडे नेली की आतले दृश्य डावीकडे पळते, वर नेली की खाली. याची सवय आठवड्याभरात होते. हाताच्या थरथरीची मात्र होत नाही.

हाताने पट्टी सरकवून काही दिसतच नाही, असे मुळीच नाही. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातले पाणी, फुलातले परागकण बघायला बोटे पुरतात. कागदाच्या घडीतून बनणाऱ्या फोल्डस्कोपमध्ये तर अंगठ्यांनीच नमुना सरकवतात आणि तरी त्यातून पुष्कळ दिसते. पण ‘बघणे’ वेगळे आणि ‘तपासणे’ वेगळे. तपासताना तीन गोष्टी लागतात : कोणती जागा पाहून झाली हे कळले पाहिजे, तीच जागा पुन्हा मोजली जाता कामा नये, आणि सापडलेल्या जागेवर नंतर परत जाता आले पाहिजे. या तिन्हींसाठी मेकॅनिकल स्टेज लागते.

रचना

मंचाच्या मधोमध प्रकाश वर येण्यासाठी एक भोक असते. काचपट्टी एका चिमट्यासारख्या पकडीत बसते. या पकडीची एक भुजा स्थिर आणि दुसरी स्प्रिंगवर फिरणारी, सहसा चंद्रकोरीसारखी वळलेली असते. ही भुजा बाजूला ओढायची, पट्टी मंचावर सपाट टेकवून कोपऱ्यात बसवायची आणि भुजा हळूच सोडायची. ‘हळूच’ महत्त्वाचे आहे, कारण स्प्रिंग सटकन सुटली तर पट्टीच्या कडेचा टवका उडतो. एक समज इथे दूर करायला हवा. ही भुजा पट्टीला वरून दाबत नाही, कडेने धरते. पट्टी तिच्या खाली सरकवून बसवणाऱ्यांची पट्टी तिरकी बसते आणि मग फोकस काही केल्या टिकत नाही.

पकड दोन दिशांनी सरकते. लांबीच्या दिशेला एक्स आणि रुंदीच्या दिशेला वाय म्हणायची पद्धत आहे. प्रत्येक दिशेला एक दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकलेले छोटे दातेरी चाक असते. घुंडी फिरवली की चाक फिरते आणि पट्टी सरळ रेषेत सरकते. सरकणारे भाग कोनदार खाचांत किंवा बारीक छऱ्यांवर चालतात, त्यामुळे ते इकडेतिकडे डुलत नाहीत. काही नव्या स्टेजमध्ये बाजूला आलेली दातेरी पट्टी हाताला लागू नये म्हणून तिच्याऐवजी तार किंवा पट्टा वापरतात. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या स्टेजमध्ये एक्स दिशेला सुमारे ७५ मिमी आणि वाय दिशेला ३० ते ५० मिमी एवढी चाल मिळते. अख्खी काचपट्टी बघायला ती पुरते.

दोन्ही दिशांच्या घुंड्या बहुधा एकाच दांड्यावर, एकाखाली एक, मंचाच्या उजव्या बाजूला खाली लोंबत असतात. त्या टेबलाच्या जितक्या जवळ तितके बरे. मनगट टेबलाला टेकलेले राहते आणि दिवसभर काम करणाऱ्याचा खांदा भरून येत नाही. उजवा हात या घुंड्यांवर आणि डावा हात फोकसच्या बारीक घुंडीवर, अशी कामाची बैठक असते. दोन्ही हात एकाच वेळी का लागतात? १०० पटीच्या भिंगाखाली स्पष्ट दिसणारा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. पट्टी २० मिमी सरकताना मंच दहा मायक्रोमीटर जरी कलता असेल, तरी दृश्य अनेकदा धूसर होणार आणि डाव्या हाताला ते सावरत राहावे लागणार. म्हणून चांगल्या स्टेजची किंमत ती किती दूर सरकते यापेक्षा ती किती सपाट सरकते यावर ठरते.

नमुना मोजून सरकवण्याची गरज मायक्रोस्कोपइतकीच जुनी आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये अँटनी व्हान लेव्हेनहूक याने एकाच छोट्या भिंगाचे मायक्रोस्कोप बनवले. त्यात नमुना एका टाचणीच्या टोकावर असे आणि ती टाचणी भिंगासमोर नेमकी आणायला स्क्रू असत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पॉवेल अँड लीलँड यांच्यासारख्या कारागिरांच्या महागड्या पितळी मायक्रोस्कोपना दोन दिशांनी सरकणारे मंच असत. युरोपातले बरेच साधे मायक्रोस्कोप तेव्हाही सपाट मंच आणि दोन क्लिपा यांवरच चालत, आणि हवी तर वेगळी स्टेज त्यांच्यावर स्क्रूने बसवता येई. आपल्याकडच्या कित्येक शाळा-महाविद्यालयांत अशी वरून बसवायची स्टेज आजही दिसते.

व्हर्नियर वाचायचा कसा?

स्टेजच्या दोन्ही कडांना मिलिमीटरच्या मोजपट्ट्या असतात आणि प्रत्येकीला टेकून एक छोटी सरकती पट्टी असते. हा व्हर्नियर. फ्रेंच गणिती पिएर व्हर्नियर याने १६३१ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीत व्हर्नियर कॅलिपर हाताळलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

सरकत्या पट्टीवर १० भाग असतात, पण ते मुख्य पट्टीच्या ९ मिमीमध्ये बसवलेले असतात. आधी व्हर्नियरचा शून्य कुठे आहे ते पाहायचे. समजा तो ३४ आणि ३५ यांच्या मध्ये आहे, म्हणजे पूर्ण मिलिमीटर झाले ३४. मग व्हर्नियरची कोणती रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधायचे. सहावी जुळली तर वाचन ३४.६. दुसऱ्या दिशेचे वाचन समजा १२.३ आले. आता ‘३४.६ / १२.३’ एवढे वहीत लिहिले की त्या जागेचा पत्ता नोंदला गेला.

हा पत्ता किती नेमका? व्हर्नियर ०.१ मिमीपर्यंत वाचता येतो. ४० पटीच्या भिंगाचे फील्ड ०.५ मिमी, त्यामुळे आकडे जुळवले की वस्तू फील्डमध्ये असतेच. १०० पटीच्या भिंगाचे फील्ड ०.२ मिमी, तिथे वाचनात ०.१ ची चूक झाली तर वस्तू कडेला किंवा कडेच्या किंचित बाहेर जाईल. म्हणून परत जाताना आधी कमी पटीच्या भिंगाने जागा गाठतात, वस्तू फील्डच्या मधोमध आणतात आणि मगच मोठे भिंग फिरवतात. एक सावधगिरी मात्र हवी. पट्टीवर एकदा तेल पडले असेल तर १० पटीचे भिंग चालते, ४० पटीचे नाही. ४० पटीचे भिंग पट्टीच्या इतके जवळ येते की ते तेलात बुडते, आणि मग कोणालाच काही स्पष्ट दिसत नाही.

शंभर फील्ड : थुंकीची तपासणी

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. थुंकीचा लेप काचपट्टीवर देऊन, तो रंगवून जंतू शोधायची पद्धत त्या काळापासून चालत आली आहे. झील-नील्सन पद्धतीत निळ्या पार्श्वभूमीवर लालसर बारीक काड्या दिसतात, त्या टीबीच्या जंतूंच्या. लेप साधारण ३ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद असावा, असा दंडक आहे.

नियम असा : १०० फील्ड पाहून एकही जंतू दिसला नाही तर अहवाल ‘निगेटिव्ह’. १०० फील्डमध्ये मिळून १ ते ९ जंतू दिसले तर ‘स्कँटी’, म्हणजे तुरळक, आणि नेमका आकडा लिहायचा. १० ते ९९ दिसले तर १+. दर फील्डला १ ते १० दिसत असतील तर २+ आणि दहाहून जास्त असतील तर ३+. या शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी अनुक्रमे ५० आणि २० फील्ड पुरतात.

आता क्षेत्रफळ पाहा. १०० फील्ड म्हणजे सुमारे ३.१ चौरस मिमी. लेप आहे ६०० चौरस मिमीचा. म्हणजे नियम काटेकोर पाळूनही लेपाचा सुमारे अर्धा टक्का भागच पाहिला जातो. उरलेल्या साडेनव्याण्णव टक्क्यांबद्दलचे अनुमान या अर्ध्या टक्क्यावरून निघते. तो अर्धा टक्का नीट निवडला गेला नाही, तर अनुमानाला काही अर्थ उरत नाही.

समजा एका रुग्णाच्या लेपात सरासरी १०० फील्डला ३ जंतू आहेत आणि ते सगळीकडे विखुरलेले आहेत. संभाव्यतेच्या नेहमीच्या गणिताने, पूर्ण १०० वेगवेगळी फील्ड पाहणाऱ्याला एकही जंतू न दिसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के येते. कंटाळून ३० फील्डवर थांबणाऱ्याची हीच शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते. आणि जो हाताने पट्टी ढकलत त्याच त्या भागात घुटमळतो, त्याने शंभर वेळा डोळा लावला असला तरी त्याची प्रत्यक्ष फील्ड तीसच भरतात! तो प्रामाणिकपणे १०० चा आकडा लिहील आणि अहवाल चुकेल. घरी खोकत बसलेल्या माणसाला ‘टीबी नाही’ असे सांगितले जाईल.

मेकॅनिकल स्टेजवर हे टाळायला वेगळी हुशारी लागत नाही. लेपाच्या एका टोकाला, उंचीच्या मध्यावर सुरुवात करायची. वाय दिशेची घुंडी सोडून द्यायची आणि फक्त एक्स दिशेची फिरवायची. उजव्या कडेला दिसणारा एखादा ठिपका डाव्या कडेला आला की पुढचे फील्ड सुरू झाले. ०.२ मिमीची १०० फील्ड म्हणजे बरोबर २० मिमी. एक्स मोजपट्टी ३० वर असताना सुरुवात केली असेल, तर ५० वर पोहोचल्यावर शंभर पुरी झाली. मनातल्या मनात मोजताना कोणी मध्ये येऊन बोलले आणि गणती हुकली, तरी मोजपट्टी हुकत नाही. ३ सेंटीमीटरच्या लेपात एका आडव्या ओळीत शंभर फील्ड बसून वर जागा उरते. लेपाची लांबी ठरवताना हा हिशोब कामाला येतो.

आता टीबीच्या निदानात सीबीनॅट आणि ट्रूनॅट यांसारख्या जनुकीय चाचण्या पुढे आल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. लेपात जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत ते सुमारे पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. या चाचण्या त्याहून खूप कमी जंतूही पकडतात. पण मेलेल्या जंतूंचे डीएनएही त्यांना सापडते, त्यामुळे उपचार चालू असताना जंतू कमी होत आहेत का हे पाहायला लेपाची तपासणी अजून लागते. तिथे १+ वरून तुरळक आणि तुरळकवरून निगेटिव्ह हा प्रवास फील्ड मोजूनच कळतो.

मलेरियाची गोष्टही याच वळणाची आहे. रक्ताच्या जाड थेंबात किमान १०० फील्ड पाहिल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ म्हणायचे नसते. परजीवी सापडले तर २०० पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत किती परजीवी दिसले ते मोजतात. एका मायक्रोलिटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी धरल्या, तर त्या संख्येला ४० ने गुणायचे. ५० परजीवी दिसले तर मायक्रोलिटरला २,०००. म्हणजे मोजताना झालेली प्रत्येक चूकही चाळीसपट होते. एकच कोपरा दोनदा मोजला गेला, आणि त्याच कोपऱ्यात परजीवी दाट असले, तर आकडा भलताच फुगतो.

सरळ ओळ जिथे चालत नाही

रक्ताच्या पातळ लेपात पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजताना फक्त लांबीच्या दिशेने सरळ जाणे फसवे ठरते. दुसऱ्या काचेच्या कडेने रक्ताचा थेंब पुढे ओढला की लेप जिभेच्या आकाराचा होतो. या ओढण्यात आकाराने मोठ्या पेशी, म्हणजे मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल, कडांकडे आणि टोकाकडे ढकलल्या जातात. लहान लिम्फोसाइट मधल्या भागात जास्त राहतात. फक्त मधून गेलात तर लिम्फोसाइट जास्त भरतील, फक्त कडेने गेलात तर न्यूट्रोफिल. दोन तंत्रज्ञ एकाच पट्टीवर वेगळे आकडे देतील आणि दोघांनीही खोटे मोजलेले नसेल.

यावर उपाय नागमोडी चालीचा आहे. किल्ल्याच्या तटावर चर्यांची जशी वर-आडवी-खाली-आडवी रेघ दिसते, तशी स्टेज चालवायची : काही फील्ड वाय दिशेने कडेकडे, एक-दोन एक्स दिशेने बाजूला, मग तितकीच परत मध्याकडे, पुन्हा बाजूला. असे करत १०० पेशी पुऱ्या करायच्या. कडा आणि मधला भाग या दोन्हींना वाटा मिळतो. हे दोन स्वतंत्र घुंड्यांशिवाय करून पाहा; तिसऱ्या वळणानंतर आपण कुठे आहोत ते कळत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पॅप तपासणीत तर कव्हर काचेखालचा सगळाच भाग पाहायचा असतो. तिथे शेतकरी नांगराचे तास घालतो तशी पट्टीवर एकाशेजारी एक ओळ घेतात, आणि दर ओळीत आधीच्या ओळीचा थोडा भाग पुन्हा येईल असे बघतात. हजारो निरोगी पेशींत बिघडलेल्या पेशींचा एखादाच पुंजका असू शकतो. दोन ओळींमध्ये फट राहिली आणि तो पुंजका नेमका त्या फटीत असला, तर तो कोणालाच दिसत नाही.

तोच कण पुन्हा शोधणे

शंका आली की दुसऱ्याला दाखवायचे असते. तंत्रज्ञाला विचित्र पेशी दिसली, पॅथॉलॉजिस्ट तासाभराने येणार आहेत. आकडे लिहून ठेवले तर दुसऱ्या पट्ट्या तपासून झाल्यावरही ती पेशी मिनिटभरात समोर आणता येते. काही जण पट्टीवर शाईचा ठिपका देतात. तेही चांगले आहे, पण ठिपक्याखालीच बघण्यासारखे काही असेल तर पंचाईत होते.

या आकड्यांना एक मर्यादा आहे, आणि ती नव्याने शिकणाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. ‘३४.६ / १२.३’ हा पत्ता फक्त त्याच मायक्रोस्कोपवर खरा असतो. दुसऱ्या मायक्रोस्कोपवर मोजपट्टीचा शून्य वेगळ्या ठिकाणी असतो. त्याच मायक्रोस्कोपवरसुद्धा पट्टी उलट्या टोकाने बसवली तर पत्ता बदलतो. म्हणून लेबल नेहमी एकाच बाजूला, सहसा डावीकडे, ठेवायचे आणि तसे वहीत लिहायचे. दुसऱ्या प्रयोगशाळेला कळवायचे असेल तर पट्टीवर काचेच्या लेखणीने एक बारीक फुली ओरखडायची, तिचे वाचन घ्यायचे आणि वस्तू त्या फुलीपासून किती मिमी उजवीकडे आणि किती खाली आहे ते सांगायचे. दोन वाचनांतला फरक कोणत्याही स्टेजवर सारखाच येतो.

जीवाश्म परागकण किंवा डायटम यांचा अभ्यास करणाऱ्यांनी याहून नेटका मार्ग काढला आहे. डायटम म्हणजे सिलिकाचे नक्षीदार कवच असलेले एकपेशीय शैवाल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्या वर्गीकरणावर काम चालते. नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना ज्या एका कवचावरून ते केले, ते कवच पुढच्या संशोधकाला सापडलेच पाहिजे, आणि एका पट्टीवर अशी हजारो कवचे असतात. त्यासाठी ‘इंग्लंड फाइंडर’ नावाची काचपट्टी मिळते. तिच्यावर १ मिमीच्या चौकटींची जाळी कोरलेली असते आणि प्रत्येक चौकटीला अक्षर आणि आकडा असतो. कवच फील्डच्या मधोमध आणायचे, स्टेजला हात न लावता नमुन्याची पट्टी काढून तिच्या जागी फाइंडर बसवायची आणि समोर दिसेल तो संकेत लिहायचा. जगात कुठेही तीच जाळी असल्यामुळे उलट क्रमाने जाऊन तेच कवच गाठता येते. अर्थात दोन्हीकडे पट्टी पकडीच्या एकाच कोपऱ्याला घट्ट टेकलेली हवी.

मोटारीवर चालणाऱ्या स्टेज

घुंडीच्या जागी मोटार आली की हेच काम संगणक करतो. स्टेपर मोटार एका फेऱ्याचे ठरावीक भाग पाडून फिरते, नेहमीच्या मोटारीत २०० भाग. तिला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात १ मिमी पुढे जात असेल तर एका पायरीला स्टेज ५ मायक्रोमीटर सरकते. पायऱ्यांचे आणखी तुकडे करून याहूनही बारीक चाल मिळवतात. बायोप्सीचा १५ मिमी बाजूचा काप समजा ०.५ मिमीच्या चौकोनांत टिपायचा असेल, तर ९०० छायाचित्रे लागतात. ती एकमेकांना जोडून अख्ख्या पट्टीचे एकच चित्र तयार होते आणि दुसऱ्या शहरातला डॉक्टर ते पडद्यावर बघू शकतो. ही यंत्रे महाग असतात. त्यावर ओपनफ्लेक्शर हा एक गमतीदार मार्ग आहे : त्रिमिती छपाईने बनवलेल्या या मायक्रोस्कोपच्या मंचात सरकते सांधेच नाहीत, प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि त्या वाकण्यातून नमुना बारीक बारीक सरकतो. त्याची चाल काही मिलिमीटरच असते, पण आराखडा सर्वांना मोफत उपलब्ध आहे.

बिघाड आणि निगा

सर्वांत जास्त त्रास तेलाचा. इमर्शन ऑइल पट्टीच्या कडेवरून मंचावर ओघळते आणि पट्टी खालून चिकटते. मग घुंडी फिरते, पकड सरकते, पण पट्टी अडखळत येते. रोज काम संपल्यावर मंच मऊ कापडाने किंवा कागदाने पुसला तर ही वेळ येत नाही. दातेरी पट्टीतले ग्रीस वर्षानुवर्षे सुकून गोंदासारखे होते. तेव्हा घुंडीवर जोर काढू नये, दाते तुटतात. जुने ग्रीस काढून नवे भरणे हाच उपाय. शिवणयंत्राचे पातळ तेल तिथे सोडायची हौस टाळावी. ते पसरते, धूळ धरते आणि काही दिवसांत भिंगापर्यंत पोहोचते.

दुसरी तक्रार ढिलाईची. दाते झिजले की घुंडी उलट दिशेने फिरवताना सुरुवातीचा थोडा भाग वाया जातो, स्टेज हलतच नाही. कारागीर याला ‘प्ले’ म्हणतात. म्हणूनच एखाद्या वाचनावर परत जाताना नेहमी एकाच बाजूने जायचे. ३४.६ हवे असेल आणि आपण ४० वर असू, तर ३४ च्याही खाली उतरून मग वर ३४.६ ला यायचे. मोटारीच्या स्टेजलाही संगणक हेच करायला लावतो.

जुना मायक्रोस्कोप घेताना ही ढिलाई पाच मिनिटांत तपासता येते. ४० पटीच्या भिंगाखाली एक ठळक कण फील्डच्या मधोमध आणा आणि दोन्ही वाचने लिहा. एक्स घुंडीने पट्टी एका टोकापर्यंत नेऊन परत त्याच वाचनावर आणा, मग दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पुन्हा आणा. दोन्ही वेळा कण फील्डमध्ये राहिला तर स्टेज कामाची आहे. एका बाजूने येताना मधोमध आणि दुसऱ्या बाजूने येताना कडेला दिसला तर थोडी ढिलाई आहे. सांभाळून वापरता येईल. एखाद्या बाजूने तो दिसलाच नाही तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. वाय घुंडीचीही अशीच परीक्षा घ्या. आणि हे सगळे करताना फोकस किती वेळा सावरावा लागला तेही मोजा, कारण प्ले कमी असूनही मंच वाकडा असलेले मायक्रोस्कोप बाजारात पुष्कळ असतात.